‘गंमत केली’ असे न सांगता उपरोध कसा करावा

उपरोधाचे वाक्य बोलून झाल्यावर “अहो, मी गंमत केली” असे म्हणावे लागले, तर त्या वाक्याचे दोन्हीकडून नुकसान होते. ज्याला ते आधीच कळले होते त्याची मजा जाते, आणि ज्याला कळले नव्हते त्याला चारचौघांत आपण मंद ठरलो असे वाटते. म्हणून हा लेख एकाच कौशल्यापुरता आहे: वाक्य असे रचावे आणि अशा ठिकाणी उच्चारावे, की ते उलटे आहे हे ऐकणाऱ्याला स्वतःहून कळावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत ओट्यावर, पारावर, बाजार समितीत आणि फोनवरच्या संदेशांत रोज जे बोलले-लिहिले जाते, ते डोळ्यांसमोर ठेवून उदाहरणे घेतली आहेत. उपरोध हा स्वभावातच असावा लागतो, तो शिकून येत नाही, असे अनेकांचे मत असते. मला ते मान्य नाही. त्यातला मोठा भाग पूर्वतयारीचा आहे, आणि पूर्वतयारी कोणालाही शिकता येते.

पायरी पहिली: वस्तुस्थिती दोघांसमोर आहे का, ते पाहा

मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला “आज शाल आणायला हवी होती” असे म्हटले, तर तो क्षणभरही गोंधळणार नाही. तोच निरोप त्याच दुपारी पुण्यातल्या बहिणीला फोनवर दिला, तर ती “ताप आला आहे का?” असे विचारील. वाक्य तेच आहे, बोलणारा तोच आहे. फरक एवढाच, की फलाटावरच्या माणसाच्या अंगाला तीच झळ लागत होती आणि बहिणीला ती लागत नव्हती. नवशिक्याने सर्वांत आधी हे मनात पक्के करावे, की उपरोधाचे बळ शब्दांपेक्षा बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्याच्या सामाईक माहितीत असते.

यामागचे कारण ब्रिटिश तत्त्वज्ञ एच. पी. ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या आणि १९७५ मध्ये अंशतः प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत मांडले आहे. संभाषणात प्रत्येक जण असे गृहीत धरतो, की समोरचा काही तरी समजून-उमजून, हेतू ठेवून बोलतो आहे. त्याचे वाक्य उघडउघड खोटे असेल, तर ऐकणारा त्याला खोटारडा किंवा वेडा ठरवण्याआधी त्या वाक्याला दुसरा अर्थ आहे का ते शोधतो. हा शोध सुरू व्हायचा असेल, तर वाक्याचा खोटेपणा आधी नजरेस पडला पाहिजे, आणि खरे काय ते माहीत असल्याशिवाय खोटे नजरेस पडत नाही.

ऐकणाऱ्याला वस्तुस्थिती माहीत नसेल, तर ती आपणच एका साध्या, कोरड्या वाक्यात आधी सांगावी. बहिणीला असे सांगता येईल: “सकाळी दहालाच ओट्याची फरशी पायाला चटका देते. आज रात्री शाल काढून ठेवावी म्हणतो.” पहिल्या वाक्यात तक्रारीचा सूर नको आणि त्याला विशेषणे नकोत, त्याने फक्त जमीन तयार करायची. बरेच जण नेमके याच्या उलट करतात. आधी उलटे वाक्य टाकतात, समोरचा गोंधळला की मग वस्तुस्थिती सांगत बसतात, आणि त्यालाच आपण स्पष्टीकरण म्हणतो. माहिती तीच असते. ती आधी आली तर तयारी ठरते आणि मागून आली तर सारवासारव ठरते.

पायरी दुसरी: समोरच्याचेच शब्द त्याला परत करा

ही या विषयातली सर्वांत उपयोगी युक्ती आहे. दान स्पर्बर आणि डियर्डर विल्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये असे मत मांडले, की उपरोधात बोलणारा स्वतःचे मत उलटे करून सांगत नसतो, तर कोणाचे तरी आधीचे बोलणे, आश्वासन किंवा अपेक्षा पुन्हा उच्चारून तिच्यापासून स्वतःला दूर ठेवत असतो. हे मत सर्व प्रकारच्या उपरोधाला लागू पडते की नाही यावर विद्वानांत वाद आहेत, पण शिकणाऱ्याच्या हाती त्यातून एक पक्के साधन येते.

केळीच्या बागेला पाणी देणारी मोटार जळाली आहे असे समजा. ती भरून देणारा कारागीर सोमवारी सकाळी म्हणाला होता, “संध्याकाळी घेऊन जा.” शेतकरी शुक्रवारी दुकानाच्या पायरीवर उभा राहतो आणि विचारतो, “आप्पा, संध्याकाळ झाली का?” या वाक्यात एकही कडवट शब्द नाही, कोणाचे नाव घेतलेले नाही, आवाजही चढलेला नाही, तरीही दुकानातल्या एकाही माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. वाक्यातला “संध्याकाळ” हा शब्द कारागिराचा स्वतःचा आहे. तो त्याने दिला होता, शेतकऱ्याने तो तसाच परत आणून ठेवला, आणि मधले चार दिवस ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनात मोजले. “शालजोडीतले देणे” असे आपण जे म्हणतो त्याचा हा चांगला नमुना आहे.

याच प्रसंगी “वा, किती जलद काम करता तुम्ही!” असेही म्हणता आले असते, आणि बहुतेक जण तसेच म्हणतात. ते कळते, पण ते कोणत्याही दुकानात, कोणत्याही कारागिराला उद्देशून म्हणता येण्यासारखे आहे, म्हणून त्याला धार नाही. शिवाय अशा सरधोपट स्तुतीत बोलणाऱ्याचा राग आधी दिसतो आणि अर्थ नंतर. म्हणून समोरच्याने वापरलेला नेमका शब्द लक्षात ठेवण्याची सवय लावून घ्यावी: त्याने “लगेच” म्हटले होते की “दोन मिनिटांत”, “काळजीच करू नका” म्हटले होते की “समजा झालंच”. पुढे त्या शब्दाखेरीज दुसरे काही लागत नाही. लग्नाच्या बैठकीत “आम्हाला काहीच नको” असे म्हणणाऱ्यांनी नंतर यादी पाठवली, तर “काहीच नको असलेल्या वस्तू कोणत्या खोलीत ठेवायच्या?” एवढा प्रश्न पुरेसा होतो, तो वधूच्या काकांनी विचारावा की मामांनी, एवढेच ठरवायचे राहते.

पायरी तिसरी: उलटे ते पुरते उलटे असावे

हिवाळ्यात शेतावर भरिताचा बेत आहे, वांगी काड्यांवर भाजली आहेत, कळण्याच्या पुऱ्या आल्या आहेत, आणि भरितात मीठ दुपटीने पडले आहे. अशा वेळी “भरीत बरं झालंय” असे म्हटले, तर ते कौतुक म्हणूनच घेतले जाईल आणि ताटात आणखी भरीत वाढले जाईल, कारण भरीत बरे होऊ शकते आणि पाहुणा तसे मनापासून म्हणू शकतो. जे वाक्य कोणी तरी गंभीरपणे बोलू शकेल, ते उपरोधासाठी निरुपयोगी समजावे. सगळी मंडळी पाण्याच्या तांब्याकडे हात नेत असताना “मीठ अजून थोडं चाललं असतं” असे म्हटले, तर मात्र तसे खरोखर म्हणणारा माणूस तेथे असूच शकत नाही, आणि अर्थ आपोआप उघड होतो.

येथे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजाचे नाही, हे लक्षात घ्यावे. पुरते उलटे म्हणजे अतिशयोक्त नव्हे. “जगातलं सर्वोत्तम भरीत” यासारख्या वाक्यात उपरोध ढोबळ होतो; एका लहानशा, नेमक्या गोष्टीवर बोट ठेवणारे वाक्य अधिक खोल जाते. वाक्य तयार झाले, की त्यातले प्रत्येक विशेषण काढून पाहावे. त्याच्याशिवाय अर्थ पोचत असेल, तर ते परत घालू नये.

पायरी चौथी: भाषेची पातळी बदला

मराठीला येथे एक मोठी देणगी आहे, आणि खानदेशाला तर ती दुप्पट मिळाली आहे. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत, आणि कोणाला कोणत्या पायरीवर ठेवायचे हे प्रत्येक नात्यात ठरलेले असते. ठरलेली पायरी अकस्मात बदलली, की ऐकणारा सावध होतो. लहान भावाला रोज “ऊठ रे” म्हणणारी बहीण सकाळी दहा वाजता “आपली झोप पूर्ण झाली का?” असे विचारते, तेव्हा आदरार्थी अनेकवचनानेच सगळे काम केलेले असते.

ज्या घरात अहिराणी बोलतात, किंवा यावल-रावेरकडच्या ज्या घरांत लेवा गणबोली बोलतात, तेथे हा बदल आणखी ठळक होतो. चुलीजवळ आईचे सारे बोलणे अहिराणीत चालू असते, आणि शहरातून चार दिवसांसाठी आलेला मुलगा ताट न उचलता उठला, की ती एकदम पुस्तकी मराठीत म्हणते, “राहू द्या, आपण विश्रांती घ्यावी.” घरातली भाषा सोडून कचेरीतली भाषा वापरली, एवढ्यानेच त्या मुलाला तो घरचा नसून पाहुणा आहे असे सांगितले गेले. खानदेशातल्या आयांनी आणि आज्यांनी ही कला कोणत्याही पुस्तकाशिवाय फार वर पोचवली आहे, आणि ज्याला उपरोध शिकायचा आहे त्याने आधी त्यांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे. कोणी बढाई मारली असता “काय सांगस भो!” एवढेच म्हणून गप्प बसणे हेही त्याच जातीचे आहे; खरे आश्चर्य वाटले तरी तेच शब्द येतात, त्यामुळे समोरच्याला तक्रार करायला जागा राहत नाही आणि कळायचे ते कळते. “म्हणे” हा लहानसा शब्दही असाच कामाचा आहे. “पुढच्या महिन्यात रस्ता होणार आहे” ही बातमी झाली. “पुढच्या महिन्यात रस्ता होणार आहे म्हणे” यात बोलणारा त्या बातमीपासून हातभर मागे सरकलेला असतो.

नोकरीनिमित्त बाहेरून खानदेशात आलेल्यांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते, की उपरोधासाठी अहिराणीची नक्कल कधीही करू नये. अहिराणी बोलणारा माणूस प्रमाण मराठीकडे सरकतो तेव्हा तो वरच्या पायरीवर चढल्याचा आव आणतो आणि त्यात मौज असते. बाहेरचा माणूस अहिराणीचे दोन शब्द हेल काढून बोलतो तेव्हा तो दुसऱ्याच्या भाषेला खालची पायरी ठरवतो, आणि ऐकणाऱ्याला त्यात उपरोध ऐकू येत नाही, आपल्या घरादाराचा अपमान ऐकू येतो. भाषा मनापासून शिकावी, रोजच्या व्यवहारात वापरावी, आणि लोकांनी आपले मानल्यावर ती आपोआप गमतीतही येऊ लागेल.

पायरी पाचवी: आवाज सपाट ठेवा आणि नंतर थांबा

स्वर लांबवणे, भुवई उडवणे, शेजाऱ्याला कोपर मारणे, वाक्य संपण्याआधीच स्वतः हसणे, ही सगळी स्पष्टीकरणेच आहेत. ती फक्त शब्दांत नसतात. गाडी किती वाजता आहे हे ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात उपरोधाचे वाक्य बोलावे. बोलून झाल्यावर लगेच दुसरे वाक्य जोडू नये, कारण ऐकणाऱ्याला वस्तुस्थिती आणि वाक्य शेजारी-शेजारी ठेवून पाहायला थोडा वेळ लागतो, आणि त्या वेळात आपण बोललो तर त्याचा शोध अर्धवट राहतो. शांततेची भीती वाटते म्हणून लोक स्पष्टीकरण देतात, असे माझे निरीक्षण आहे.

पायरी सहावी: लिहिताना दुप्पट सावध राहा

लिखाणात आवाज नसतो हे सर्वांना माहीत असते, पण आपला स्वतःचा आवाज आपल्या मनात इतका स्पष्ट वाजत असतो, की वाचणाऱ्यालाही तो ऐकू जाईल असे वाटते. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून हेच दिसले. आपला उपरोध किंवा गंभीरपणा समोरचा सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल, असा अंदाज सहभागी विद्यार्थ्यांनी केला होता. आवाजातून पाठवलेली वाक्ये सुमारे ७३ टक्के वेळा बरोबर ओळखली गेली. ईमेलने लिहून पाठवलेली मात्र सुमारे ५६ टक्केच, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते त्यापेक्षा फारशी बरी नाहीत. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की लिहिणाऱ्यांना हा फरक पडेल याची कल्पनाच नव्हती.

यावर चिन्हांचा उपाय फार जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री डेनम या इंग्रज मुद्रकाने उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नांसाठी आरशात दिसावे तसे उलटे प्रश्नचिन्ह वापरून पाहिले. १८९९ मध्ये आल्काँतेर द ब्राम या फ्रेंच कवीने उपरोधासाठी स्वतंत्र चिन्ह सुचवले. ती दोन्ही रुळली नाहीत. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस यांचा हसरा चेहरा सुचवला, आणि आजच्या पिवळ्या चेहऱ्यांपर्यंत तीच परंपरा चालत आली. गैरसमज टाळण्यासाठी ते चेहरे उपयोगी आहेत हे मान्य, परंतु वाक्याच्या शेवटी हसून डोळ्यांतून पाणी काढणारा चेहरा लावणे म्हणजे “गंमत केली” असे लिहिणेच होय. शब्दाला अवतरणचिन्हांत टाकून ‘विकास’ असे लिहिणे, किंवा तीन-तीन उद्गारचिन्हे देणे, हेही त्यातच येते.

लिखाणात चिन्हाची जागा वस्तुस्थितीने घ्यावी. खड्ड्यात साचलेल्या पाण्यात म्हैस बसली आहे असे छायाचित्र आणि त्याखाली “नव्या रस्त्याचे लोकार्पण झाले” एवढी ओळ, यात काहीही सांगायचे उरत नाही, कारण छायाचित्र पहिल्या पायरीचे काम करते. छायाचित्र नसेल, तर खरे वाक्य आणि उलटे वाक्य एकाच संदेशात लिहावे. दोन वेगळ्या संदेशांत ते लिहिले, आणि कोणी दुसराच पुढे पाठवला, तर सुरतेच्या मावशीपर्यंत पोचताना ती बातमी झालेली असते.

काही विषय लेखी उपरोधासाठी पूर्णपणे वर्ज्य मानावेत. “उद्या कापसाचा भाव दुप्पट होणार, आज कोणी विकू नका” असे चिडून लिहिलेले वाक्य वाचून एखादा शेतकरी खरोखर गाडी परत फिरवू शकतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठच्या गावांना सावधगिरीच्या सूचना जातात. त्या दिवशी पाण्यावरून केलेला उपरोध कोणाच्या जिवावर बेतू शकतो. औषधे, गाड्यांच्या वेळा, परीक्षेच्या तारखा यांनाही तोच नियम लागू आहे. धर्म, जात आणि निवडणूक यांच्याबाबतीत अडचण वेगळी आहे. नेथन पो यांनी २००५ मध्ये इंटरनेटवरच्या एका चर्चेत नोंदवले होते, की टोकाच्या मताची नक्कल कितीही भडक केली तरी कोणी ना कोणी ती खरी समजतेच, कारण ते मत खरोखर बाळगणारी माणसे असतात. तिसऱ्या पायरीवरची कसोटी येथे लागतच नाही.

पायरी सातवी: समोरच्याला परत बोलता येईल का, ते तपासा

केळीची कटाई करणाऱ्या मजुराला, ज्याची हजेरी आपल्या हातात आहे, उपरोधाने बोलू नये. सासरी नव्याने आलेल्या सुनेला बोलू नये. धडगाव-अक्कलकुव्याकडून नंदुरबारच्या कार्यालयात आलेल्या, घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाशी खिडकीपलीकडून “फारच लवकर आलात” असे बोलणे हा अन्याय आहे. मराठी त्याची दुसरी भाषा आहे, तो ते वाक्य खरे समजेल किंवा समजूनही गप्प बसेल. सहा-सात वर्षांच्या आतली बहुतेक मुले उलटे बोलणे सरळच घेतात, आणि “फारच शहाणा आहेस” हे ऐकून आनंदाने घरभर सांगत फिरतात. त्यांना रागवायचे असेल तर सरळ रागवावे.

सरावासाठी एक सोपा मार्ग आहे. आपल्याकडच्या व्याकरणात व्याजस्तुती नावाचा अलंकार सांगतात, म्हणजे स्तुतीच्या वेषातली निंदा किंवा निंदेच्या वेषातली स्तुती. त्यातली निंदेच्या वेषातली स्तुती आधी हाताळून पाहावी. “वहिनींनी आमची सवय बिघडवली, आता घरची शेवभाजी गोड लागत नाही” यात कोणी दुखावले जाण्याचा संभव फार थोडा असतो, आणि उलटे बोलून सुलटे पोचवण्याचा अंदाज येतो. मग रोजची, सर्वांना ठाऊक असलेली एक गोष्ट घ्यावी, जसे रात्रीचीच येणारी शेताची वीज. तिच्याबद्दल एक खरे आणि एक उलटे वाक्य लिहावे, आणि ज्याला ती गोष्ट माहीत नाही अशा एखाद्या माणसाला वाचून दाखवावे. तो गोंधळला, तर उलट्या वाक्याला हात न लावता खऱ्या वाक्यात भर घालावी.

पायरी आठवी: तरीही कळले नाही, तर

समोरच्याने वाक्य खरे मानले आणि त्याने काही बिघडत नसेल, तर ते तसेच सोडून द्यावे. “हो, रात्री गारवा असतोच” असे उत्तर आले, तर मान डोलवावी.

तो त्यावरून काही करणार असेल, तर गमतीचा उल्लेखही न करता खरी माहिती द्यावी: “दुकान बंद आहे, जाऊ नका.”

तो दुखावला असेल, तर मात्र उभे राहून बोलावे लागते, आणि या कलेत बहुतेक लोक येथेच घसरतात. “गंमत केली, तुम्ही फारच मनावर घेता” हे वाक्य स्पष्टीकरणही नाही आणि क्षमाही नाही. ते पळून जाणे आहे, आणि जाताना दोषही दुसऱ्यावर ठेवणे आहे. त्याऐवजी उलट्या वाक्यामागचा सरळ अर्थ सांगावा: “चार दिवस मोटार नाही, केळीला पाणी नाही, म्हणून तसं बोललो.” हे सांगताना आवाज खाली असावा आणि शब्द थोडे असावेत. यावरून बोलण्याआधीची एक परीक्षाही हाती येते. जो सरळ अर्थ आपण त्या माणसाला तोंडावर सांगू शकणार नाही, त्याचे उलटे वाक्यही बोलू नये.

कधी समोरूनही तसेच उत्तर येते. मोटारीच्या दुकानातला कारागीर तारा गुंडाळता-गुंडाळता म्हणेल, “ढगात सूर्य दिसत नाही भाऊ, वेळ कळतच नाही.” अशा वेळी त्याच्यावर कडी करायला जाऊ नये. हसावे, त्याने दिलेला स्टुलावरचा चहा घ्यावा, आणि मोटार कोणत्या वारी, किती वाजता मिळेल हे साध्या शब्दांत विचारून घ्यावे.